वर्गणीतून उभं राहिलेलं केसलापूर

तेलंगणातल्या आदिलाबादहून उटनूरकडे जाताना मुटनूरच्या फाट्यावरून आत वळलं की इंद्रवेल्ली मंडलातलं केसलापूर लागतं. एरवी लहानसं गाव. पण पौष अमावस्येला नागोबाच्या जत्रेसाठी यवतमाळ-चंद्रपूरपासून छत्तीसगडपर्यंतचे गोंड इथे लोटतात.

नागोबा हे मेसराम कुळाचं दैवत, पण आवार बहुपयोगी. इथेच महापूजा होते, नव्या सुनांची कुलदेवतेशी ओळख करून देणारा 'भेटिंग'चा विधी होतो, कुळाच्या बैठका बसतात, बाजार भरतो आणि 'दरबार'ही. जोडेघाटला 1940 मध्ये गोंड नेते कोमराम भीम मारले गेल्यावर निजाम सरकारने मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांना गोंडांच्या असंतोषाची कारणं शोधायला पाठवलं. आदिवासी कचेरीपर्यंत पोहोचत नाहीत, तर अधिकाऱ्यांनीच जत्रेत यावं, या विचारातून त्यांनी त्याच दशकात दरबार सुरू केला. जमिनीच्या पट्ट्यापासून रस्त्यापर्यंतची गाऱ्हाणी आजही तिथे मांडली जातात. गाऱ्हाणी ऐकणारे असे कान किती गरजेचे आहेत, हे 20 एप्रिल 1981 रोजी जवळच्या इंद्रवेल्लीत आदिवासींच्या मेळाव्यावर झालेल्या गोळीबाराने दाखवून दिलं.

मराठी वाचकाला हा मुलूख परका नाही. गोंडांच्या वंशकथा गाणाऱ्या इथल्या परधानांची घरची बोली मराठी. इतिहासकार सेतुमाधवराव पगडी निजामाच्या नोकरीत असताना इथे गोंडी शिकले आणि त्यांनी त्या भाषेचं व्याकरण लिहिलं. हायमेनडॉर्फ यांनी गोंडांसाठी काढलेल्या शाळांतली गोंडी पुस्तकंही देवनागरीत होती.

असं ठिकाण टिकवायचं तर पैसा लागतो. सरकारी निधी एखाद्या वर्षी येतो, एखाद्या वर्षी आटतो. मेसराम मंडळींनी नव्या दगडी मंदिरासाठी त्याची वाट पाहिली नाही. शेतकऱ्यांनी पिकाच्या पैशातून आणि नोकरदारांनी पगारातून वर्गणी दिली. सुमारे 5 कोटी रुपये असे आपसांत उभे राहिले आणि डिसेंबर 2022 मध्ये नव्या मंदिरात प्रतिष्ठापना झाली.

वर्गणीची ही सवय एका दिवसात लागलेली नाही. पूजेसाठी गोदावरीचं पाणी हस्तिनामडुगूहून अनवाणी चालत आणायचं, त्यासाठी कुळातल्या माणसांनी निघायचं, मडकी सिरिकोंड्याच्या कुंभारांनी घडवायची: दरवर्षीची ही कामं वाटून दिलेली आहेत. आपला वाटा चुकवला तर कुळासमोर मान खाली जाते. पैशाचा वाटा त्याच रीतीने गोळा झाला.

म्हणून सरकारने हात झटकावेत, असं मात्र नाही. जत्रेच्या गर्दीला लागणारं पिण्याचं पाणी, शौचालयं, बस, दवाखाना हे कुळाच्या वर्गणीतून भागणारं नाही. ती सरकारचीच जबाबदारी. मंदिर मेसरामांनी बांधून दाखवलं आहे. दरबारात मांडलेल्या अर्जांचा निकाल लावणं हेही अधिकाऱ्यांच्या वाट्याला आलेलं काम आहे, आणि त्याला वर्गणी लागत नाही.