सल्ला तज्ज्ञांचा, निवड सरकारची

सरकारला वैज्ञानिक सल्ला देणाऱ्या समितीचा अहवाल आला की त्यावर वादंग माजते. मात्र त्या अहवालाची दिशा बहुधा सदस्यांच्या नेमणुकीचा आदेश निघतो त्याच दिवशी ठरलेली असते. राजधानीतील मंत्रालयांत हे उघड गुपित आहे. जनुकीय अभियांत्रिकी मूल्यांकन समितीइतके (जीईएसी) त्याचे ठळक उदाहरण सापडणे कठीण.

पर्यावरण संरक्षण कायद्याखालील १९८९ च्या नियमांनी ही समिती जन्माला घातली. त्या नियमांनुसार अध्यक्षपद पर्यावरण मंत्रालयाच्या अतिरिक्त सचिवांकडे, तर सहअध्यक्षपद जैवतंत्रज्ञान विभागाच्या प्रतिनिधीकडे. 'तज्ज्ञ सदस्य' या शीर्षकाखाली कृषी, वैद्यकीय आणि औद्योगिक संशोधन परिषदांचे महासंचालक, आरोग्य सेवा महासंचालक, पीक संरक्षण सल्लागार आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे अध्यक्ष, असे सारे पदसिद्ध. केवळ स्वतःच्या विद्वत्तेच्या बळावर बाहेरून येणारे तज्ज्ञ अवघे तीन. अधिकारी आणि तज्ज्ञ यांत भेद करण्याची गरज नियमकर्त्यांना वाटली नसावी!

खरी मेख सहअध्यक्षपदात आहे. जैवतंत्रज्ञानाचा प्रसार करणे हे ज्या विभागाचे विहित कार्य, त्याचाच प्रतिनिधी परवानगीच्या मेजावर बसतो. बासुदेव आचारिया यांच्या अध्यक्षतेखालील संसदेच्या कृषीविषयक स्थायी समितीने ऑगस्ट २०१२ च्या अहवालात यावर बोट ठेवले. त्या समितीत सत्ताधारी आणि विरोधक दोन्ही होते, तरीही अहवाल एकमताचा होता. संसदेत असे क्वचितच घडते. पुढे दहा वर्षांनी, ऑक्टोबर २०२२ मध्ये, जीईएसीने 'डीएमएच-११' या जनुकीय मोहरीची शिफारस केली. दिल्ली विद्यापीठातील प्रा. दीपक पेंटल यांच्या चमूने ती विकसित केली. त्यासाठी निधी देणाऱ्यांत राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाबरोबर जैवतंत्रज्ञान विभागही होता. मोहरी चांगली की वाईट, हा वेगळा प्रश्न. पण पैसा देणारे आणि परीक्षा घेणारे खाते एकच असेल, तर उत्तीर्णतेचे प्रमाणपत्र निर्दोष असूनही त्यावर विश्वास कोण ठेवणार?

सरकार निवड करते म्हणून न्यायालयाने ती करून पाहिली. २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने डॉ. पुष्प भार्गव हे टीकाकार शास्त्रज्ञ जीईएसीच्या बैठकांत बसू लागले. त्यांचा विरोध असतानाही ऑक्टोबर २००९ मध्ये बीटी वांग्याला हिरवा कंदील मिळाला. फेब्रुवारी २०१० मध्ये जयराम रमेश यांनी तो स्थगित केला. त्याच वर्षी समितीच्या नावातील 'मान्यता' जाऊन तिथे 'मूल्यांकन' आले. २०१२ मध्ये न्यायालयाने स्वतःचीच तांत्रिक तज्ज्ञ समिती नेमली. अंतरिम अहवालानंतर कृषी संशोधन परिषदेचे माजी महासंचालक आर. एस. परोडा यांचा तीत समावेश झाला. २०१३ मध्ये पाच सदस्यांनी एक अहवाल दिला आणि परोडा यांनी वेगळा. निवडणारा बदलला, तरी 'कोणाला घेतले' हा वाद काही मिटला नाही.

अन्नसुरक्षेचा २००६ चा कायदा या बाबतीत अधिक स्पष्ट आहे. वैज्ञानिक मंडळात स्वतंत्र शास्त्रज्ञच असावेत आणि उद्योग व ग्राहकांच्या प्रतिनिधींना चर्चेला बोलवावे, असे तो सांगतो. तरीही मंडळांत उद्योगांची माणसे बसली आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला फेररचनेचा आदेश द्यावा लागला. कलम स्वच्छ असले तरी नावांची यादी कोणाच्या दालनात तयार होते, हे कलम सांगत नाही.

मोहरीच्या खटल्यात २३ जुलै २०२४ रोजी न्यायमूर्ती बी. व्ही. नागरत्ना आणि संजय करोल यांची मते परवानगीच्या वैधतेवर विभागली. एका मुद्द्यावर मात्र दोघे एकत्र होते: तज्ज्ञांची पार्श्वभूमी काटेकोरपणे तपासावी, हितसंबंध जाहीर करवून घ्यावेत आणि त्यासाठी वैधानिक नियम करावेत. त्यानंतर वर्षअखेरीस पर्यावरण मंत्रालयाने १९८९ च्या नियमांतील दुरुस्तीचा मसुदा काढला. त्याचा रोख तज्ज्ञ सदस्याने स्वतःचे हितसंबंध लेखी कळवावेत, यावर होता. हे योग्यच, पण सदस्य स्वतःच्या समभागांची आणि सल्लागारीची माहिती देऊ शकेल. पदसिद्ध अधिकाऱ्याचा हितसंबंध त्याच्या खात्याचा असतो, आणि खाते कोणत्या रकान्यात सही करणार, हे नॉर्थ ब्लॉकपासून सीजीओ संकुलापर्यंत कोणीच सांगू शकत नाही.