फोन आला नाही, म्हणजे नकारच?

फोर्टमधल्या एखाद्या लॉ फर्ममध्ये मुलाखत देऊन आलेल्या मुलाला गावात जो भेटेल तो विचारतो, "काय रे, आला का फोन?" आठवडा उलटला की विचारणाराच निकाल लावून मोकळा होतो, "आता कसला येतोय! घेतला असेल दुसरा कोणीतरी." शहापूर-मुरबाडमध्ये एलएलबी झालेली कितीतरी मुलं-मुली हा निकाल खरा मानून गप्प बसतात.

आठ दिवसांचा हा नियम केला कोणी? कोणीच नाही. ज्युनिअर घेण्याचा निर्णय मुलाखत घेणारा सहसा एकटा करत नाही. दोन-तीन पार्टनरांचं एकमत व्हावं लागतं, आणि ते दिवसभर कोर्टात नाहीतर कॉन्फरन्समध्ये अडकलेले असतात. पहिली पसंती दुसऱ्या कोणाला असली, तरी त्याचा होकार येईपर्यंत पुढच्या उमेदवाराला कोणी नाही म्हणत नाही. इंटर्नशिप विरुद्ध बाजूच्या वकिलाकडे झाली असेल, तर हितसंबंध आड येतात का हे तपासलं जातं. त्यात मे महिना आला की उच्च न्यायालयाला उन्हाळी सुटी. महिना असाच निघून जातो. कित्येकदा उत्तर खरंच नकाराचं असतं, हेही मान्य. पण टोकावड्याहून पहाटेची एसटी, कल्याणहून लोकल आणि सीएसएमटीवरून पायपीट करत आलेल्या उमेदवाराला तो नकार दोन ओळींत कळवायचं सौजन्यही फर्मकडे नसावं, याचा संताप येतो.

मग सरळ विचारावं, तर दुसरी समजूत आडवी येते: स्वतःहून विचारलं की किंमत जाते. मुळीच जात नाही. सांगितलेली मुदत उलटल्यावर, ती सांगितली नसेल तर आठ-दहा दिवसांनी, एक छोटा ईमेल पाठवावा. मुलाखतीची तारीख, पद आणि निर्णय कधीपर्यंत अपेक्षित आहे एवढा प्रश्न, बस्स. अंगाशी येतं ते रोज फोन करणं आणि ओळखीच्या पुढाऱ्याला मध्ये घालणं.

विचारण्याआधी ईमेलमधला स्पॅमचा कप्पा मात्र उघडून पाहावा. माळशेजच्या पायथ्याला किंवा डोळखांबकडे रेंज येते-जाते, आणि ०२२ ने सुरू होणारा मिस्ड कॉल कर्जवाल्यांचा समजून सोडून दिला जातो. तो फर्मचाही असू शकतो. अर्जावर घरातला दुसरा नंबर द्यावा.

"सर म्हणाले, पुढच्या महिन्यापासून या," एवढ्यावर हातातलं काम सोडणारेही आहेत. कायदा शिकलेल्यांनी तरी असं करू नये! भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम ५ नुसार स्वीकृती रवाना होण्यापूर्वी प्रस्ताव मागे घेता येतो. तोंडी करार अवैध नसतो, पण तो सिद्ध कसा करणार? सरकारी नोकरीतसुद्धा निवड यादीत नाव आलं म्हणून नेमणुकीचा हक्क मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १९९१ मध्ये शंकरसन दाश खटल्यात स्पष्ट केलं आहे.

तालुक्याच्या कोर्टात उभं राहिलं तर मोठी फर्म घेत नाही, ही समजूत तर सर्वांत महागात पडते. २० मे २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर या पदाच्या परीक्षेसाठी ३ वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा लागू केली. ती वर्षं तात्पुरत्या सनदेच्या तारखेपासून मोजली जातात. म्हणजे शहापूर किंवा मुरबाडच्या सिनिअरकडे काढलेले महिने कुठेही गेलं तरी जमेलाच धरले जातात. शिवाय शहापूर तालुका पूर्ण आणि मुरबाडची काही गावं अनुसूचित क्षेत्रात आहेत. आदिवासी खातेदाराची जमीन महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६अ प्रमाणे परवानगीशिवाय बिगर-आदिवासीला विकता येत नाही. जमिनीचे व्यवहार पाहणाऱ्या फर्मला सातबारा आणि जुने फेरफार घडाघडा वाचणारा ज्युनिअर हवाच असतो.

बाकीच्या समजुती लवकर आटोपतील. मुंबईत वकिलीला वेगळी सनद लागत नाही. महाराष्ट्र आणि गोव्याची बार कौन्सिल एकच आहे. सनदेसाठी वाटेल ती फी घेता येत नाही; २०२४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानुसार खुल्या वर्गाला ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपये एवढीच नोंदणी फी. आणि नियुक्तीपत्रासाठी कोणी 'अनामत' मागितली तर ती फसवणूक समजावी; पैसे गेले असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर ताबडतोब तक्रार करावी.