वाट्याला आलेली 12 मिनिटं

“डॉक्टर, बरगडीवर आलात तुम्ही. जरा खाली, मधल्या फटीत घ्या.”

कॉटवर उताणे झोपलेले मामा समोरच्या विद्यार्थिनीला सांगत होते. तिने प्रोब बोटभर सरकवला. पडद्यावरचा काळा पट्टा गेला, लिव्हरचा करडा पसारा दिसू लागला आणि त्याच्याखाली किडनी, कडेने काळसर, मधोमध पांढरी. मुलीने सुटकेचा श्वास सोडला. मामांनी मात्र श्वास धरून ठेवला होता. खोल श्वास घेतला की किडनी खाली सरकते आणि नीट दिसते, हे त्यांना कुणी सांगावं लागत नाही.

एमबीबीएसच्या शेवटच्या वर्षाला असलेली ओळखीतली एक मुलगी मला म्हणाली होती, “सोनोग्राफीचा रिपोर्ट वाचता येतो, पण प्रोब कधी हातात धरलेला नाही.” ते मनातून जाईना, म्हणून परवानगी काढून एका मेडिकल कॉलेजच्या रेडिओलॉजी विभागात गेले. सकाळी तिथे पेशंटची रांग असते, मशीन मोकळं होतं ते दुपारी. दहा जणांची बॅच, दोन तास. “एकेकाच्या वाट्याला 12 मिनिटं येतात,” शिकवणाऱ्या मॅडम म्हणाल्या.

सुरुवातीचं शिकवणं झटपट झालं. जेली कशासाठी, प्रोबवरची खूण कुठल्या बाजूला ठेवायची, डेप्थ आणि गेन कुठे फिरवायचं. आवाज शरीरातून सेकंदाला 1540 मीटर वेगाने जातो असं मशीन धरून चालतं आणि प्रतिध्वनी परत यायला लागलेल्या वेळावरून खोली ठरवतं, हेही मुलांनी वहीत उतरवून घेतलं. पण प्रोब किती दाबायचा, एका जागी ठेवून नुसता किती कलवायचा, हे वहीत उतरत नाही. ते मनगटात यावं लागतं, आणि त्यासाठी आहेत 12 मिनिटं.

मामा या विभागातले शिपाई. मुलं एकमेकांवरही सराव करतात, पण पित्ताशय शिकायचं असलं की मामाच लागतात, कारण त्यांच्या पित्ताशयात खडा आहे. काही वर्षांपूर्वी अशाच सरावात तो सापडला. त्रास नाही तोवर ऑपरेशन नको, असं सर्जननी सांगितलं. पडद्यावर तो लखलखीत पांढरा दिसतो आणि त्याच्यामागे काळी सावली पडते, कारण आवाज खड्यापलीकडे जातच नाही. मग मामा न सांगता कुशीवर वळतात. खडा हळूच घरंगळतो. घरंगळला तर खडा, भिंतीला चिकटून राहिला तर बहुधा पॉलिप. हा फरक दहाही मुलांनी डोळ्यांनी पाहिला, ती आता तो विसरतील असं मला वाटत नाही.

नंतर एक गोष्ट कळली आणि मी अस्वस्थ झाले. खाल्लं की पित्ताशय आकसतं, म्हणून सरावाच्या दिवशी मामा सकाळपासून उपाशी असतात. डबा कपाटावर तसाच होता. मी विचारलं तर म्हणाले, “त्याचं काही नाही हो. थंड जेली तेवढी नको वाटते.”

भिंतीवर कायद्याने लावावी लागणारी पाटी होती: येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही. ती उगाच लागलेली नाही. अशा चाचण्यांना आळा घालणारा कायदा महाराष्ट्राने 1988 मध्ये केला, केंद्राचा आला 1994 मध्ये. तरीही राज्यात सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे मुली 2001 ला 913 होत्या, त्या 2011 ला 894 वर आल्या. म्हणून प्रत्येक मशीनची नोंद, जागा ठरलेली, गरोदर बाईच्या प्रत्येक तपासणीचा एफ फॉर्म. हा जाच वाटतो असं म्हणणारे डॉक्टर मला भेटले आहेत. मला तो आवश्यक वाटतो. पण त्या धास्तीपोटी विद्यार्थ्यांना प्रोबपासूनच लांब ठेवणं पटत नाही. उद्या अपघातातला माणूस समोर येईल, तेव्हा पोटात रक्त साठलंय का हे दोन मिनिटांत सांगता आलं पाहिजे. उताण्या माणसाच्या पोटात ते बऱ्याचदा आधी लिव्हर आणि उजव्या किडनीच्या मधल्या खोलगट जागेत जमतं. मामांच्या पोटावर मुलं नेमकी तीच जागा शोधत होती. कायदा आणि प्रोब दोन्ही एकाच दिवशी, एकाच खोलीत शिकवणाऱ्या या मॅडमचं म्हणूनच मला मोल वाटलं.

सुरुवातीला उजवी किडनी सापडलेल्या त्या विद्यार्थिनीची गाडी डाव्या बाजूला अडली. डावी किडनी थोडी वर आणि पाठीकडे असते, पुढून गेलं तर जठरातली हवा आड येते. पडदा नुसता धुरकट. “अजून मागे,” मॅडम म्हणाल्या, “मूठ गादीला टेकली पाहिजे.” मुलगी ओणवी झाली, मूठ टेकली, प्लीहेची कड दिसली आणि निसटली. तिची 12 मिनिटं संपली होती.

मागचा मुलगा ग्लोव्हज चढवत होता, तो थांबला. “मॅडम, माझ्यातली चार मिनिटं हिला द्या. मी उद्या सकाळी ओपीडीत तुमच्या मागे उभा राहीन.”

मॅडमनी मामांकडे पाहिलं. मामांनी पुन्हा श्वास आत घेतला होता.

“घे,” मॅडम म्हणाल्या. “आणि तू उद्या नऊच्या आत ये.”