पोटाच्या ऑपरेशननंतर आतडी का चिकटतात?

पोटाचे ऑपरेशन झाले, टाके निघाले, वरची जखम भरली, की आपण निर्धास्त होतो. पण जखम आतही भरत असते. ती भरताना आतडी एकमेकांना किंवा पोटाच्या भिंतीला चिकटू शकतात.

पोटातील अवयवांवर पेरिटोनियम नावाचे गुळगुळीत, ओलसर अस्तर असते. त्यामुळे आतडी सहज सरकतात. हे अस्तर खरवडले, कोरडे पडले किंवा तेथे रक्त वा पू साचला, की चिकट स्राव जमतो. तो काही दिवसांत विरघळला तर ठीक. नाहीतर त्याचे चिवट पट्टे बनतात. पोट उघडून केलेल्या मोठ्या ऑपरेशननंतर शंभरातील नव्वदांना थोडेफार पट्टे होतात. बहुतेकांना त्यांचा त्रास होत नाही. मोजक्यांचे आतडे मात्र त्यात अडकते. कधी महिन्याने, तर कधी वीस वर्षांनी.

प्रतिबंध बराचसा सर्जनच्या हाती असतो. आतडी हलक्या हाताने हाताळणे, ओली ठेवणे, रक्तस्राव नीट थांबवणे महत्त्वाचे. हातमोज्यांवरील पावडरही अपायकारक ठरते. अमेरिकेने २०१७ पासून असे मोजे बंद केले. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये पट्टे सहसा कमी होतात. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी १९९० मध्ये या पद्धतीने पित्ताशय काढले, तेव्हापासून ती आपल्याकडे रुळली.

रुग्णाच्या हाती काय? अपेंडिक्सचे दुखणे अंगावर काढू नये. ते फुटून पू पसरला, तर पट्टे वाढतात. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे लवकर चालावे. आतड्यांची हालचाल सुरू होण्यास मदत होते. मात्र झालेले पट्टे तेलाने, चोळण्याने किंवा पथ्याने विरघळत नाहीत.

पोटावर जुना व्रण असलेल्यांनी एवढे लक्षात ठेवावे: कळा येऊन पोट दुखणे, वारंवार उलट्या, पोट फुगणे, शौच व वारा बंद होणे, ही आतडे अडकल्याची लक्षणे आहेत. ‘वायगोळा उठला’ म्हणून एरंडेल किंवा जुलाबाचे औषध मुळीच देऊ नये. आतडे फुटू शकते. पेज, पाणीही न देता, रात्र असली तरी, सर्जन असलेले रुग्णालय गाठावे. मालवणच्या रुग्णाला ओरोस किंवा बांबोळीला न्यायचे, तर सकाळची वाट पाहणे महागात पडते. अडकलेल्या आतड्याचा रक्तपुरवठा तुटला, तर काही तासांत ते सडू लागते. जाताना जुन्या ऑपरेशनचे कागद बरोबर घ्यावेत.