कोणत्या पायरीवर संगणक?

छत्तीसगडमधल्या भिलाई-चरोद्याच्या माणसाला ओतकाम म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. एका अंगाला १९५९ साली पहिली झोतभट्टी पेटलेला पोलाद कारखाना, दुसऱ्या अंगाला रेल्वेचं भलंमोठं यार्ड; वितळलेला धातू साच्यात कसा वागतो यावर इथल्या हजारो घरांची चूल पेटली आहे. याच राज्यात, रायपूरहून जगदलपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, कोंडागावच्या परिसरात घडवा कारागीर मेण वितळवून त्याच्या जागी पितळ ओततात. ही रीत मोहेंजोदडोच्या नर्तिकेइतकी जुनी आहे. त्यामुळे संगणक आणि हाताची कला एकत्र नांदू शकतात का, या सध्या जिथेतिथे विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाची तपासणी इथून चांगली करता येते. माझ्या मते तो प्रश्न अर्धवट विचारला जातो. कोणतंही कलाकाम अनेक पायऱ्यांनी पुढे जातं आणि त्यातल्या एखाद्या पायरीवरच कलावंताचा निर्णय साहित्यात उतरतो. संगणक त्या पायरीच्या आधी किंवा नंतर आला तर कामाला बळ मिळतं. तो नेमका त्याच पायरीवर बसला आणि हात बाजूला झाला, तर उरतं ते कामाचं सोंग.

या घडवा कारागिरांच्या ओतकामाची, म्हणजे ढोकऱ्याची, रीत जवळून पाहिली की हे पटतं. आधी माती आणि भाताचा तूस मळून हत्तीचा किंवा देवीचा ओबडधोबड गाभा करतात आणि सुकवतात. मधमाशीचं मेण तापवून, गाळून बारीक भोकांतून दाबलं की शेवयांसारखा धागा निघतो. हा धागा गाभ्यावर गुंडाळत, वळवत, बोटानं दाबत सगळं अंग मढवायचं. हत्तीची झूल, देवीचे दागिने, डोळ्याची कड, सगळं त्या धाग्याचंच. वर बारीक मातीचा लेप, त्यावर जाड थर. भट्टीत मेण निघून जातं, त्याच्या पोकळीत पितळ शिरतं आणि शेवटी साचा फोडावाच लागतो. दुसरा नग हवा असेल तर पुन्हा गाभ्यापासून सुरुवात. कारागिराचा निर्णय त्या धाग्यात आहे. थंडीत मेण ताठरतं, उन्हात लिबलिबतं, आणि बोटं त्याप्रमाणे दाब बदलतात. दोन टोकं जुळतात तिथे जो बारीक उंचवटा राहतो, तो पितळेतही जसाच्या तसा येतो.

जुन्या हत्तीचं त्रिमितीय स्कॅन घेऊन तोच हत्ती यंत्रातून मेणात छापणं आज अवघड नाही. दागिन्यांच्या धंद्यात मेणाचे नमुने असे सर्रास छापले जातात. पितळही तेच, भट्टीही तीच. पण अशा हत्तीच्या अंगावर धागा नसतो, धाग्याची प्रतिमा असते. दर नगावर तो उंचवटा एकाच जागी येतो. आता हाच स्कॅनर एक पायरी पुढे सरकवून पाहा. मेणकाम पुरं झालंय, मातीचा लेप अजून चढायचाय. मेणातली ती मूर्ती यानंतर कोणालाही दिसणार नाही. तेव्हा घेतलेलं स्कॅन म्हणजे एरवी कायमच्या नाहीशा होणाऱ्या अवस्थेची एकमेव नोंद. धागा कुठून सुरू झाला, सोंडेच्या वळणावर तो कसा फिरवला, हे शिकणाऱ्या मुलाला फिरवून फिरवून पाहता येईल. ओतकाम फसतं त्या जागीही मदत होऊ शकते. पितळ कुठे आधी गोठेल, हवा कुठे कोंडेल याचा अंदाज देणाऱ्या प्रणाली फाउंड्रीत वापरल्या जातात. मुंबईच्या आयआयटीत प्रा. बी. रवी यांनी घडवलेली ‘ऑटोकास्ट’ ही त्यांतलीच. मोठ्या मूर्तीचा साचा बांधण्याआधी असा अंदाज मिळाला, तर कित्येक दिवसांचं मेणकाम एका फसलेल्या ओतीत वाया जायचं टळेल, आणि मूर्तीच्या रूपाला धक्काही लागणार नाही.

यावर पहिला आक्षेप असा की संगणक कुठल्याही पायरीवर आला तरी सगळं सपाट करून टाकतो. देवनागरी अक्षराचा इतिहास याच्या उलट साक्ष देतो. आपल्या जोडाक्षरांची कोंडी केली ती संगणकाच्या आधीच्या यंत्रांनी. टाइपरायटरच्या मोजक्या कळांत एकाखाली एक बसणारी जोडाक्षरं मावेनात, म्हणून ती मोडून, पाय तोडून आडवी मांडावी लागली. अक्षरजुळणीच्या यंत्रांनीही लिपीकडून अशाच तडजोडी करून घेतल्या. ती अक्षरं पुन्हा आपल्या मूळ रूपात उभी राहिली ती संगणकावर, आणि त्या कामात पुढे होते र. कृ. जोशी. जोशी मुळात सुलेखनकार. बोरू कोणत्या कोनात धरला की रेघ कुठे जाड आणि कुठे बारीक होते, हे त्यांच्या हाताला ठाऊक होतं. ‘विंडोज २०००’सोबत घरोघरी पोहोचलेला ‘मंगल’ हा टंक त्यांचा. मंगलमध्ये बोरूचं सगळं सौंदर्य नाही, आणि त्या काळच्या पडद्यावर मोजक्या ठिपक्यांत ते उतरणंही शक्य नव्हतं. पण कोणता अवयव राखायचा आणि कोणता सोडायचा हे अक्षर जाणणाऱ्या माणसानं ठरवलं, आणि संगणक त्या निर्णयानंतर आला. म्हणून ते अक्षर मराठी वाचकाला परकं वाटलं नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: पडद्यावरचं काम मूळ वस्तूबद्दल खोटं बोलू शकतं. अजिंठ्याच्या संदर्भात तो नेहमी घेतला जातो आणि तो गंभीरपणे घ्यायला हवा. पण हातानं केलेल्या कामाचाही हिशेब मांडू. मेजर रॉबर्ट गिलनं १८४४पासून केलेल्या भव्य प्रतिकृती १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या आगीत बहुतेक जळाल्या. जॉन ग्रिफिथ्सनं जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांना घेऊन १८७२पासून पुन्हा काम उभं केलं. १८८५च्या साउथ केन्सिंग्टनच्या आगीत त्यातलाही मोठा भाग गेला. त्याहून वाईट म्हणजे रंग उठून दिसावेत म्हणून भिंतींवरच रोगण चढवलं गेलं. पुढे १९२०च्या सुमाराला निजामाच्या राज्यात इटलीहून आलेल्या तज्ज्ञांनी निखळणारा रंग धरून ठेवण्यासाठी लाखेचा थर दिला, तो कालांतरानं पिवळा पडला. त्यांचा हेतू चांगलाच होता, पण भिंतीवर केलेली चूक भिंतीवरच राहते आणि ती काढण्यात पिढ्या खर्ची पडतात. नाशिकचे छायाचित्रकार प्रसाद पवार यांनी अजिंठ्याच्या चित्रांचं जे डिजिटल पुनरुज्जीवन हाती घेतलं, त्याचं मोल मला इथे दिसतं. रंग पडद्यावर भरला जातो, भिंतीला बोटही लागत नाही आणि चूक पुसता येते. आक्षेप एका बाबतीत शंभर टक्के खरा आहे: निखळलेल्या जागी भरलेला चेहरा हा तर्क असतो. म्हणून जे शिल्लक आहे आणि जे भरलं आहे त्यांचे थर वेगळे ठेवावेत, आणि पाहणाऱ्याला भरलेला थर काढून भिंत जशी आहे तशी पाहता यावी. ही अट न पाळणारं पुनरुज्जीवन कितीही सुंदर असलं तरी मी ते नाकारीन.

तिसरं म्हणणं तरुण चित्रकारांचं. टॅब्लेटवर काढणारा हातही हातच आहे, मग त्याला कमी का लेखायचं? मुळीच लेखू नये. जे. जे.मध्ये शिकलेल्या नलिनी मालानी यांनी गेल्या काही वर्षांत आयपॅडवर बोटानं रेखाटून केलेली चलच्चित्रं पाहावीत. खाडाखोड, घाई, चित्रावर खरडलेली अक्षरं, हे सारं त्या काचेचं स्वतःचं बोलणं आहे. तिथे काच हेच साहित्य आणि बोटाचा निर्णय थेट तिच्यावर उमटतो. खटकतो तो तैलरंगाच्या फटकाऱ्याचा तयार ठसा, एका आज्ञेसरशी ‘ढोकरा शैली’ची चित्रं काढून देणारी प्रणाली. कुठल्याशा मेणावरच्या बोटाची खूण ती मेणाशिवाय आणि बोटाशिवाय दाखवते.

सगळ्यांत अवघड आक्षेप पोटाचा आहे, आणि तो माझ्या मांडणीनं पूर्ण सुटत नाही. गिऱ्हाइकाला फरक कळत नसेल, तर छापलेला स्वस्त हत्ती हातच्या हत्तीला बाजारातून उठवील. १९९९च्या कायद्याखाली बस्तरच्या ढोकऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं आहे, पण ते मुख्यतः नावाचं रक्षण करतं. एका कारागिराच्या एका हत्तीचं स्कॅन कोणाच्या संगणकात पडून आहे, हे ते विचारत नाही. म्हणजे जी नोंद विद्येची राखण करते, तीच चोरीचा साचाही होऊ शकते. म्हणून नोंदी करूच नयेत असं म्हणणारे लोक कारागिरांच्या बाजूचेच आहेत, तरी मला ते पटत नाही. नोंद नसली तर म्हाताऱ्या हातांबरोबर रीतही जाईल. फाइल कोणाची, हे ठरवणं मात्र टाळता येणार नाही. खैरागडला १९५६पासून इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय आहे, भिलाईत २०१६पासून आयआयटी आहे आणि कोंडागाव याच राज्यात आहे. या तिघांनी एकत्र काम करायचं ठरवलं तर यंत्रखरेदीच्या आधी एक करार लिहावा लागेल: मेणमूर्तीचं स्कॅन कारागिराच्या नावावर राहील, त्याच्या लेखी संमतीशिवाय त्यावरून एकही नग निघणार नाही आणि निघालाच, तर पितळ ओतण्याआधी, म्हणजे मेणातच, त्याच्या तळाला ‘छापील’ असा ठसा असेल.