शेअर विकतांना आपण कोणतें वचन देतों?

पेणच्या खारपट्ट्यांत एखादें शेत विकत घेतांना आपले शेतकरी बंधु किती दक्ष असतात, हें सांगावयास नको. सातबारा पाहावयाचा, फेरफार काढावयाचे, सोसायटीचा बोजा आहे कीं काय ह्याची चौकशी करावयाची, बहिणींच्या सह्या घ्यावयाच्या. आणि मग मिळकत निर्वेध आहे व कोणाची हरकत निघाल्यास तिचें निवारण आपण करूं, असें विकणाराकडून खरेदीखतांत लिहून घ्यावयाचें. परंतु तोच गृहस्थ मुंबईस नोकरी केलेल्या वडिलांच्या ट्रंकेंत सांपडलेले कंपनीचे शेअर विकावयास निघाला, म्हणजे मध्यस्थानें बोट ठेवलें तेथें सही करून मोकळा होतो. ही सही म्हणजे केवळ पैसे पोंचल्याची पावती नव्हे. तें वचन आहे, आणि पैसे खर्च होऊन गेल्यावरही तें वचन उभें राहतें. म्हणून त्याचा थोडा खुलासा येथें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

शेअर ही जंगम मिळकत होय. १९५६ च्या कंपनी कायद्यांत तसें म्हटलें होतें. रोह्याशीं ज्यांचा निकट संबंध, ते चिंतामणराव देशमुख त्या वेळीं देशाचे अर्थमंत्री होते. त्या कायद्याच्या जागीं आलेल्या २०१३ च्या कायद्यांतही हेंच तत्त्व कायम आहे. जंगम मालाच्या विक्रीस १९३० चा मालविक्री कायदा लागू पडतो. त्यांतील ‘माल’ ह्या शब्दाच्या व्याख्येंत शेअर, उभें पीक आणि गवत हीं एकाच ओळींत बसविलेलीं आहेत. तेव्हां शेतांतलें उभें भात विकणारा व शेअर विकणारा ह्या दोघांस ह्या बाबतींत नियम एकच.

ह्या कायद्याचें चौदावें कलम असें सांगतें कीं, उलट ठराव नसेल तर विकणारानें तीन गोष्टी न बोलतांही कबूल केल्या असें समजावें. पहिली, माल विकण्याचा आपणांस अधिकार आहे. दुसरी, घेणाऱ्यास त्याचा उपभोग निर्वेध मिळेल. तिसरी, घेणाऱ्यास न सांगितलेला असा कोणाचा बोजा त्यावर नाहीं. पहिली गोष्ट शर्त होय. ती मोडल्यास घेणारा व्यवहार नाकारून पैसे परत मागूं शकतो. उरलेल्या दोन हमी होत. त्या मोडल्यास नुकसानभरपाई द्यावी लागते.

अधिकाराचा प्रश्न बहुधा वारसाच्या शेअरांत अडतो. वडिलांनीं थोरल्या मुलास नॉमिनी केलें, एवढ्यावरून तो इतर वारसांना डावलून मालक होत नाहीं. मुंबईहून गेलेल्या एका वादांत सर्वोच्च न्यायालयानें डिसेंबर २०२३ मध्यें हें निःसंदिग्धपणें सांगितलें आहे. सातबाऱ्यास बहिणींचीं नांवें लागतात हें ज्यास कळतें, त्यास हेंही कळावें. दोन नांवांचा शेअर असेल तर सही दोघांची हवी. शिवाय सलग सात वर्षें लाभांश कोणी नेला नसल्यास शेअर सरकारच्या गुंतवणूकदार शिक्षण व संरक्षण निधीकडे वर्ग होतात. ते पुराव्यानिशीं परत मागतां येतात; परंतु तोंपर्यंत ट्रंकेंतील कागद दाखवून विक्रीचा करार करणें म्हणजे दुसऱ्याच्या खळ्यावरील भात विकण्यासारखें आहे.

निर्वेध उपभोगाचें महत्त्व मुंबईच्या बाजारास १९९२ सालीं कळलें. त्या वर्षींच्या रोखे घोटाळ्यानंतर विशेष कायदा होऊन, सरकारनें जाहीर केलेल्या व्यक्तींची सर्व मिळकत जप्त झाली. त्यांच्या हातून फिरलेले शेअर ज्यांनीं सद्‌हेतूनें घेतले होते, त्यांसही आपली खरेदी खरी असल्याचें सिद्ध करण्याचा खटाटोप पडला. देणाराच्या हक्कांत खोट असली, म्हणजे घेणाराच्या प्रामाणिकपणानें ती बहुधा भरून निघत नाहीं.

आणखी एक वचन कागदाच्या खरेपणाचें. इंग्लंडांत शेफील्ड नगरपालिकेच्या रोख्यांवर दोघांचीं नांवें होतीं; एकानें दुसऱ्याची खोटी सही करून ते कर्जापोटीं बँकेच्या स्वाधीन केले. बँकेनें सद्‌हेतूनेंच ते नोंदणीस पाठविले. पुढें खरा मालक उभा राहिला व नगरपालिकेस त्याची भरपाई करावी लागली. १९०५ सालीं तेथील उमरावसभेनें निर्णय दिला कीं, जो कागद नोंदणीस सादर करतो तो त्याच्या खरेपणाची हमी घेतो. सबब नुकसान बँकेनें सोसावें. भाऊबंदांचे कागद न पाहतां पुढें करणाऱ्यांनीं हा दाखला ध्यानांत ठेवावा.

मात्र शेअरचा भाव चढेल, किंवा लाभांश मिळत राहील, अशी हमी विकणारावर कायदा लादीत नाहीं. शेत विकणारा पुढल्या पावसाची हमी देत नाहीं, तसेंच हें. जाणूनबुजून खोटें सांगून फसविलें, तर ती गोष्ट निराळी.

बाजारांत नोंदलेल्या कंपन्यांच्या शेअरांचें कागदी हस्तांतर १ एप्रिल २०१९ पासून बंद झालें. वारसाहक्कानें नांव लावणें २०२२ पर्यंत त्यांतून वगळलेलें होतें. डिमॅट खात्यामुळें खोट्या दाखल्याचें भय बव्हंशीं गेलें. परंतु विकण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न यंत्रानें सुटत नाहीं.

आपल्या सहकारी सोसायटीचा शेअर ह्याहून वेगळा. महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकार कायद्याप्रमाणें तो निदान एक वर्ष धारण केलेला असावा लागतो, व सभासदास किंवा ज्याचा सभासदत्वाचा अर्ज मंजूर झाला आहे अशासच देतां येतो. शिवाय सभासदाकडील येण्यापोटीं त्यावर सोसायटीचा बोजा असतो. पीककर्ज थकलेलें असतां तो निर्वेध म्हणून देऊं करणें, हा वचनभंगच होय.

तात्पर्य, सही करण्यापूर्वीं चार प्रश्न स्वतःस विचारावे: हा शेअर माझाच आहे काय? दुसऱ्या कोणाचा वांटा आहे काय? तो कोठें तारण आहे काय? कागद व सह्या खऱ्या आहेत काय? कोऱ्या हस्तांतरपत्रावर तर कधींच सही करूं नये. आणि घेणारे आपण असूं, तर हेंच चार मुद्दे विकणाराकडून लेखी घ्यावे. शेताच्या बांधावर जी सावधगिरी आपण पिढ्यान्‌पिढ्या पाळीत आलों, तीच ह्या कागदाच्या बांधावरही पाळिली पाहिजे.