महापालिकांची संकेतस्थळे : निवड कोणत्या कसोटीवर?

इंद्रायणीकाठचे चऱ्होली हे गाव १९९७ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत समाविष्ट झाले. तोपर्यंत गावाचा कारभार ग्रामपंचायतीच्या कचेरीतून चाले. सूचना फळ्यावर लागे, आणि फळा कोठे आहे हे गावात प्रत्येकाला ठाऊक असे. महापालिकेत आल्यावर रस्ते, पाणी, दिवे या सोयींबरोबर एक दूरचे, विस्तीर्ण कार्यालयही गावाच्या वाट्याला आले. त्या कार्यालयाचा फळा आज भिंतीवर नाही, संकेतस्थळावर आहे. म्हणून हे संकेतस्थळ कोणत्या सॉफ्टवेअरवर उभे करावे आणि ते सॉफ्टवेअर कोणत्या कसोट्या लावून निवडावे, हा प्रश्न संगणक विभागाच्या चार भिंतींत मिटवण्याजोगा राहिलेला नाही. तो नागरिकांच्या हक्काशी, काही वेळा त्यांच्या जमिनीशी, जाऊन भिडतो.

चऱ्होलीचा अलीकडचा अनुभवच पाहावा. २०२५ च्या उन्हाळ्यात येथे नगररचना योजना राबवण्याचा प्रस्ताव पुढे आला. अशा योजनेत खातेदारांच्या जमिनी एकत्र करून रस्ते, उद्याने आदींसाठी त्यांतील काही हिस्सा काढून घेतला जातो आणि उरलेली जमीन आखीव भूखंडांच्या रूपाने परत मिळते. ग्रामस्थांनी कडाडून विरोध केला आणि योजना रद्द करण्यात येत असल्याचे जाहीर झाले. त्याच सुमारास, मे महिन्यात, महापालिकेच्या संपूर्ण क्षेत्राचा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला व हरकती-सूचनांसाठी साठ दिवसांची मुदत मिळाली. या दोन्ही वेळी महापालिकेत लोकनियुक्त सभागृह नव्हते. मार्च २०२२ मध्ये त्याची मुदत संपली होती आणि कारभार प्रशासकाकडे होता. ज्याच्या घरी जाऊन ‘आमच्या गटावर काय पडले आहे?’ असे विचारावे, असा नगरसेवकच नव्हता. अशा काळात नकाशा, सूचना आणि अंतिम तारीख सहज सापडणे ही केवळ सोय ठरत नाही. हरकत घेण्याच्या कायदेशीर हक्काची ती पूर्वअट ठरते.

सॉफ्टवेअर म्हणजे नेमके काय?

संकेतस्थळाच्या मागे जी यंत्रणा असते तिला आशय-व्यवस्थापन प्रणाली म्हणतात. नाव अवजड असले तरी काम कचेरीतल्या प्रत्येक लिपिकाच्या ओळखीचे आहे. मसुदा कोणी करायचा, तपासायचा कोणी, सही कोणाची, जावक क्रमांक कधी पडायचा, जुना कागद कोणत्या कपाटात जायचा, हे सारे नियम ही प्रणाली संगणकावर पाळते. पूर्वी संकेतस्थळावर एक ओळ बदलायची तर ठेकेदाराच्या माणसाची वाट पाहावी लागे. प्रणाली आल्यावर आरोग्य, करसंकलन, नगररचना अशा प्रत्येक खात्याचा कर्मचारी आपले पान स्वतः लिहू शकतो. वर्डप्रेस, ड्रुपल, जूमला ही अशा प्रणालींची प्रसिद्ध नावे. त्यांची मूळ संहिता खुली असून ती वापरण्यास परवानाशुल्क पडत नाही. याखेरीज कंपन्यांच्या मालकीच्या प्रणालीही बाजारात आहेत.

छोट्या संस्थेला यांपैकी कोणतीही चालते. लहान शाळेचे दहा पानांचे संकेतस्थळ कशावरही उभे राहील. २०११ च्या जनगणनेत सतरा लाखांवर लोकसंख्या असलेल्या, डझनावारी खाती आणि अनेक क्षेत्रीय कार्यालये असलेल्या महापालिकेची गोष्ट वेगळी. तेथे पानांची संख्या हजारांत जाते आणि लिहिणारे हातही अनेक असतात. एका खात्याने लावलेली सूचना दुसऱ्या खात्याच्या सूचनेशी विसंगत निघू शकते. निवडीतली चूक येथे वर्षानुवर्षे महागात पडते.

खरेदीदाराचे अज्ञान

अर्थशास्त्रात या अडचणीला जुने नाव आहे. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली वापरलेल्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. पुढे २००१ साली त्यांना विभागून नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, मालाचा दर्जा विकणाऱ्याला ठाऊक आणि घेणाऱ्याला अज्ञात असेल, तर चांगला माल बाजारातून हद्दपार होऊ लागतो. कारण घेणारा केवळ किंमत पाहतो. सार्वजनिक संस्थांची सॉफ्टवेअर-खरेदी हे याचे चपखल उदाहरण आहे. पुरवठादार सभागृहात पडद्यावर प्रात्यक्षिक दाखवतो, सारे चकाचक दिसते आणि सर्वांत कमी दराची निविदा मंजूर होते. दर्जा उमगतो तो दोन वर्षांनी, प्रणाली बदलणे अशक्यप्राय झाल्यावर.

कमी दराचे गणितही फसवे असते. समजा, एका पुरवठादाराने उभारणीसाठी दहा लाख आणि दरसाल देखभालीचे सहा लाख मागितले. दुसऱ्याने अठरा लाख आणि दरसाल तीन लाख. निविदा उघडताना पहिला आठ लाखांनी स्वस्त वाटतो. सात वर्षांचा हिशेब मांडला तर पहिल्याचे बावन्न लाख होतात, दुसऱ्याचे एकोणचाळीस. शिवाय पहिल्याकडून बाहेर पडताना सारी पाने नव्याने टंकलिखित करावी लागणार असतील, तर तो खर्च निराळाच. म्हणून तुलना पहिल्या देयकाची न करता संपूर्ण आयुष्याच्या खर्चाची करावी, हे मूल्यमापनाचे पहिले सूत्र होय.

खुल्या संहितेच्या बाजूने येथे एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. केंद्र सरकारने २०१५ साली अशा सॉफ्टवेअरला प्राधान्य देण्याचे धोरण जाहीर केले. त्यातला अर्थ स्पष्ट आहे : एक ठेकेदार गेला तरी त्याच प्रणालीचा जाणकार दुसरा मिळू शकतो, आणि स्पर्धा टिकून राहते. परंतु फुकट परवाना म्हणजे फुकट संकेतस्थळ नव्हे. ऑक्टोबर २०१४ मध्ये ड्रुपलमध्ये एक गंभीर सुरक्षा-दोष उघड झाला. दुरुस्ती जाहीर झाल्यापासून सात तासांच्या आत ज्यांनी ती बसवली नाही, त्यांनी आपले संकेतस्थळ परक्या हाती गेले असे समजूनच चालावे, असा इशारा खुद्द त्या प्रणालीच्या सुरक्षा-पथकाने दिला होता. सात तासांत दुरुस्ती बसवणारा जबाबदार माणूस कोण, याचे उत्तर करारात नावानिशी नसेल, तर प्रणाली खुली असो वा बंदिस्त, धोका सारखाच.

मराठीची कसोटी

महाराष्ट्रात आणखी एक कसोटी अपरिहार्य आहे आणि नेमकी तीच अनेकदा राहून जाते. स्थानिक प्राधिकरणांच्या कारभारात मराठीचा वापर राज्याने २०२२ च्या अधिनियमाने बंधनकारक केला. पण पानावर मराठी अक्षरे दिसली म्हणजे मराठीत कारभार झाला असे नाही. ती अक्षरे यंत्राला वाचता आली पाहिजेत. देवनागरीला स्थान देणारी युनिकोड ही जागतिक सांकेतिक पद्धती १९९१ पासून आहे. तरीही वर्षानुवर्षे मराठी कागद जुन्या फाँटमध्ये टंकलिखित होत राहिले. त्यांत डोळ्यांना मराठी दिसते. संगणकाच्या पोटात मात्र भलत्याच चिन्हांची माळ असते. छापील परिपत्रकाचे छायाचित्र काढून ते तसेच चढवण्याची रीत त्याहून घातक. असा कागद शोधात सापडत नाही आणि अंध वाचकाला तो वाचून दाखवणाऱ्या यंत्रालाही उमगत नाही.

या बाबतीत ‘चऱ्होली’ हे नावच एक उत्तम परीक्षा-प्रश्न आहे. त्यातला ‘ऱ्हो’ हा उच्चार लिहिताना वापरला जाणारा अर्धा ‘र’ मराठीचे खास वैशिष्ट्य. युनिकोडमध्ये तो दोन वेगळ्या प्रकारे नोंदवता येतो. डोळ्यांना दोन्ही रूपे सारखीच, यंत्राला मात्र ती दोन भिन्न नावे. त्यात कोणी ‘चर्होली’ टंकतो, कोणी ‘चरहोली’; कोणी ‘बुद्रुक’ पूर्ण लिहितो, कोणी ‘बु.’ लिहून थांबतो. नगररचना खात्याने एका रूपात लिहिले आणि शेतकऱ्याने भ्रमणध्वनीवर दुसऱ्या रूपात शोधले, तर उत्तर येते : ‘काहीही आढळले नाही.’ सूचना तेथे असते, कायद्याच्या दृष्टीने ती प्रसिद्धही झालेली असते. ज्याच्यासाठी होती त्याच्यापुरती मात्र ती नसल्यासारखीच. कोणतीही प्रणाली घेण्यापूर्वी ही सारी रूपे टंकून एकच निकाल येतो की नाही, एवढे पाहायला पाच मिनिटे पुरतात. निविदेत ही अट एका वाक्यात घालता येते.

कायदा काय मागतो?

या कसोट्या कोणाच्या लहरीतून निघालेल्या नाहीत. माहिती अधिकार अधिनियम, २००५ च्या चौथ्या कलमानुसार प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपल्या नोंदी सूचिबद्ध ठेवायच्या आहेत आणि ठरावीक माहिती कोणी मागण्यापूर्वीच प्रसिद्ध करायची आहे. शासकीय संकेतस्थळांसाठी केंद्राने २००९ साली मार्गदर्शक तत्त्वे काढली व २०१८ आणि २०२३ मध्ये ती सुधारली. मजकूर कोणी लिहावा, कोणी मंजूर करावा, कधी फेरतपासावा आणि जुना झाल्यावर कोठे जतन करावा, याची लेखी धोरणे त्यांत अपेक्षित आहेत. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा २०१६ चा; आणि ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांची सुगमता ही जीविताच्या मूलभूत हक्काचा भाग असल्याचे सांगितले. त्याच वर्षी राज्य शासनाने कार्यालयांसाठी जो शंभर दिवसांचा कार्यक्रम आखला, त्याच्या सात मुद्द्यांतही संकेतस्थळाचा समावेश होता.

एक आक्षेप येथे विचारात घ्यावा लागेल. प्रत्येक महापालिकेने ही खटपट स्वतंत्रपणे का करावी? राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राने उभारलेल्या सामायिक व्यवस्थेवर अनेक जिल्ह्यांची संकेतस्थळे चालतात. ब्रिटनने २०१२ साली आपली विखुरलेली शासकीय माहिती एका स्थळावर आणण्यास प्रारंभ केला. हा मार्ग विचारार्ह आहे. सुरक्षा आणि सुगमता यांचा भार त्याने हलका होतो. तथापि सामायिक साचा मिळाला तरी त्यात काय भरायचे, ते मुदतीत कोणी भरायचे आणि चुकल्यास जाब कोणी द्यायचा, हे प्रश्न संस्थेचेच राहतात. अमेरिकेच्या अध्यक्षीय निवासाचे संकेतस्थळ २००९ मध्ये ड्रुपलवर गेले आणि २०१७ मध्ये तेथून वर्डप्रेसवर आले. प्रणाली येतात नि जातात. मजकूर आणि तो सांभाळण्याची शिस्त टिकावी लागते. पिंपरी-चिंचवडने २०१३ साली सुरू केलेल्या ‘सारथी’ या उपक्रमाचे मर्म हेच होते. नागरिक कोणते प्रश्न विचारतात हे ध्यानात घेऊन खात्यांनी त्यांची उत्तरे सोप्या मराठीत तयार केली. यंत्र त्यानंतरचे.

दुसरा आक्षेप असा की, संकेतस्थळ पाहतो कोण? गरीब माणूस शेवटी खिडकीपाशीच उभा राहतो. हे अंशतः खरे आहे, आणि म्हणून खिडकी बंद करता कामा नये. पण चऱ्होली, रावेत व बोऱ्हाडेवाडी येथील पंतप्रधान आवास योजनेच्या ३,६६४ सदनिकांसाठी २०२१ साली जी सोडत निघाली, तिचे अर्जदार आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकातलेच होते. अर्जाची मुदत, पात्रता, यादीतले नाव यांसाठी त्यांना एक दिवसाचा रोजगार बुडवून कचेरी गाठावी लागणे, हा एक प्रकारचा अदृश्य करच आहे. चांगले संकेतस्थळ तो कर माफ करते. आणि खिडकीमागचा लिपिकही तेच पान उघडून उत्तर देत असतो, हे विसरता येत नाही.

परीक्षा कशी घ्यावी?

मग मूल्यमापन प्रत्यक्षात कसे करावे? पुरवठादाराच्या प्रात्यक्षिकावर विसंबू नये. निविदा उघडण्यापूर्वी दहा खरी कामे लिहून काढावीत आणि ती करायला खरी माणसे बसवावीत. आपल्या गटावर आरक्षण आहे का व हरकतीची अंतिम तारीख कोणती, हे एखाद्या खातेदाराला साध्या भ्रमणध्वनीवर किती मिनिटांत कळते? नवा लिपिक अर्ध्या दिवसाच्या शिकवणीनंतर मराठी परिपत्रक लावू शकतो का? सूचनेतली तारीख चुकली व ती दुरुस्त केली, तर मूळ तारीख, दुरुस्तीची वेळ आणि करणाऱ्याचे नाव नोंदीत राहते का? या शेवटच्या प्रश्नाचे महत्त्व न्यायालयात गेलेल्या प्रत्येकाला कळेल. मुदत संपलेली निविदा नाहीशी होते, की अभिलेखात जाते? आणि उद्या ठेकेदार बदलला, तर सारा मजकूर, नकाशे व जुने पत्ते शाबूत ठेवून हलवता येतात का? हे हलवणे करार होण्यापूर्वीच शंभर पानांवर करून दाखवण्याची अट घालावी. या कामांना गुण द्यावेत, किमान गुण न मिळवणाऱ्याची दराची पाकिटे उघडूच नयेत, आणि गुणपत्रक संकेतस्थळावरच प्रसिद्ध करावे.

या परीक्षेला फार पैसा लागत नाही. लागतो तो थोडा वेळ, आणि परीक्षकांच्या बाकावर संगणक-तज्ज्ञांच्या शेजारी एक लिपिक, एक शिक्षक, एक अंध वाचक आणि चऱ्होलीसारख्या गावातला एक खातेदार बसवण्याची तयारी. गावच्या फळ्यावरची सूचना पावसात भिजली किंवा कोणी फाडली, तर लोक सरपंचाला जाऊन विचारू शकत. संकेतस्थळावर न सापडलेल्या सूचनेबद्दल कोणी विचारायला येत नाही, कारण ती होती हेच त्याला ठाऊक नसते. मुदत मात्र चालूच राहते आणि साठाव्या दिवशी संपते. तेवढ्या अवधीत ज्याची जमीन आहे त्याला आपल्या गावाचे नाव टंकून ती सूचना मिळते की नाही, यावरच अशा खरेदीचा निवाडा व्हायला हवा.